बावडीवरची लाल फुली

वाशीम, ४ मे १९७४

चि. पंचफुलास इंद्रभानचे आशीर्वाद, घरच्या सर्वांना जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून मनात शिव्या देऊ नकोस, दिल्या असशील तर परत घे. मला आरोग्य खात्याच्या ऑफिसात चित्रकाराचं काम लागलं, टेम्परवारी का होईना. दुकानाच्या पाट्या रंगवणारा तुझा भाऊ आता काचेवर चित्रं काढतो. मागून दिवा लावला की ती पडद्यावर घराएवढी दिसतात.

पटकीची साथ येऊ नये म्हणून बारा गावांच्या विहिरींचं पाणी तपासलं. साहेब म्हणतात, अक्षर एकही नको, वाचणार कोण? म्हणून उभी रेघ म्हणजे रस्ता, गोल म्हणजे विहीर आणि खराब पाण्यावर लाल फुली. आज तुमच्या वस्तीची काच केली. ११ तारखेला खेळ आहे. सासूबाईंना पुढे बसव, आणि भाऊ कोणाचा तेही सांग!

माया असू दे, पत्र टाकत जा.
तुझा, इंद्रभान

आसेगाव, १२ मे १९७४

ती. दादास पंचफुलाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

काल खेळ झाला. समाजमंदिराच्या भिंतीला पडदा म्हणून धोतर बांधलं होतं. रस्त्याची रेघ आली, दोन्हीकडे दोन विहिरी आल्या, एक आपली, एक बावडी, आणि मी उभी राहून सांगितलं की ही माझ्या दादाची चित्रं. मग लाल फुली दिसली. फुली आपल्या वस्तीच्याच विहिरीवर होती.

सासूबाई भडकल्या. तुया नवरा पंजाब आठ वर्साचा होता तवा मी या विहिरीची माती वाहली, हिचं पाणी काहून खराब होईन, मले नको शिकवू म्हणाल्या. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीनं स्वतःच्या हातानं खोदलेली विहीर, त्यांना लागणारच. पण मी हट्टाला पेटले. माझ्या दादाचा हात खोटं काढत नाही म्हणून भांडले. शेवटी मुकाट्यानं त्यांनी घागर रिकामी केली. आजपासून सगळी वस्ती नाल्याजवळच्या पायऱ्यांच्या बावडीवरून पाणी आणते. लांब पडतं, पण जीव वाचतो.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी, पंचफुला

वाशीम, १६ मे १९७४

चि. पंचफुलास,

हे पत्र मिळेल त्या क्षणी बावडीचं पाणी बंद करा. वस्तीची विहीर चांगली आहे. तुझं पत्र वाचून काच काढून पाहिली, फुली बावडीवरच आहे. खेळ दाखवणाऱ्या मदनसिंगानं काच उलटी बसवली, डावं उजवं झालं. अक्षर असतं तर उलटं दिसलं असतं. म्हणूनच काचेच्या कोपऱ्यात कागदाची पांढरी टिकली लावतात, तिथे अंगठा ठेवून धरली की चुकत नाही. तुमच्या काचेला मी टिकली लावायची विसरलो. घाई होती, पण ते कारण नाही.

मला रजा नाही. पत्र मंगरूळच्या कंडक्टरजवळ देतो, तो तुमच्या फाट्यावर पोचवेल. एक मागतो, लाज वाटते तरी मागतो. लोकांना यंत्र बिघडलं म्हणून सांग. माझं कळलं तर नोकरी जाईल.

जीव लागत नाही.
इंद्रभान

आसेगाव, २१ मे १९७४

ती. दादास जयभीम, वि. वि.

तुझं पत्र सतरा तारखेला पोचलं. सासूबाई पंधरालाच गेल्या. एका दिवसात हगवण-ओकारीनं त्यांचं सुकून चिपाड झालं. वस्तीतली आणखी सातजणं आजारी पडली, ती उठली.

शेवटच्या दुपारी त्या आपल्या विहिरीचं पाणी मागत होत्या. एकच घोट दे वं, म्हणत होत्या. पंजाबराव तांब्या घेऊन निघाले, तर मी दारात आडवी झाले. लाल फुलीचं पाणी पाजून आईला मारता काय, असं मीच त्यांना म्हणाले. आणि बावडीचं पाणी मीच चमच्यानं त्यांच्या तोंडात घातलं. दादा, शेवटचा चमचा त्यांनी गिळलाही नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी सगळ्यांना यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं. लोकांनी ऐकलं. पंजाबरावही उलट मलाच समजावतात की तू चित्रावर भरवसा ठेवला, तुझी काय चूक. तुझी नोकरी राहील.

तेराव्याला येऊ नकोस. तू आलास तर पंजाबराव तुला जवळ घेतील, तुझ्या गळ्यात पडून रडतील, आणि मला ते बघवणार नाही.

लोभ होता तेवढाच आहे, कमी करायला गेले पण झाला नाही.
तुझी, पंचफुला