पाठीवरची साक्षीदार

उमुओजी, नायजेरिया, ३ जून १९९४

चि. उझोमास अ. उ. आ.

तुझी कादंबरी शेजारच्या मास्तरणीने सगळी वाचून दाखवली. बियाफ्राच्या युद्धात धाकट्या बहिणीला पाठीला बांधून रानातून पळणारी ती मुलगी सगळ्यांना आवडली. मलाही आवडली असती, पण ती मीच ना! तुला तेव्हा धड चालता येत नव्हतं. रेडिओवर मात्र बाईसाहेब म्हणाल्या, आम्ही फार सोसलं. तू काय सोसलंस गं? माझ्या पाठीवर मुतलीस, एवढंच.

ऑगस्टात गावच्या लेकींच्या सभेत तुझा सत्कार आहे. पहिल्या खुर्चीवर म्हणे तू, आणि मी कडू पाल्याच्या रश्शाच्या पातेल्याशी. या गावात धाकटीने थोरलीआधी हातसुद्धा धुतलेले मी पाहिले नाहीत. सरळ सांगते, मला तुझा हेवा वाटतो. मी सभेला येणार नाही.

लोभ आहेच, आज त्यात तिखट जास्त पडलंय.

तुझी अदाओराताई

इबादान, १९ जून १९९४

ती. ताईस शि. सा. न.

हसले, मग रडले. अध्यक्षीणबाईंना कळवलंय की खुर्ची ताईची, नाहीतर मीही येत नाही.

पण जळण्यात मी तुझ्या पुढे आहे. तुला आई पंधरा वर्षं मिळाली. मला तिचा चेहराही आठवत नाही. पुस्तकात आई एकदाही बोलत नाही, लक्षात आलं? प्राध्यापक त्याला शैली म्हणतात. मला तिचे शब्दच ठाऊक नव्हते, ताई. रानात शेवटच्या घटकेला ती काय म्हणाली? विचारलं की तू चूल फुंकायला उठतेस. या वेळी उठू नकोस.

उत्तराची वाट पाहणारी, तुझी उझोमा

उमुओजी, २ जुलै १९९४

चि. उझोमास अ. आ.

अध्यक्षीण तोंड एवढंसं करून घरी आली. खुर्ची थोरलीचीच म्हणाली. मी म्हटलं, उपकार झाले.

आता आईचं. शेवटी शुद्धीवर आली तेव्हा तिने तुला मागितलं. मला नाही, तुला. छातीशी धरून तुझ्या कानात बराच वेळ काही सांगत होती. मी ऐकायला वाकले, तर हाताने बाजूला सारलं. मग तुला माझ्या पाठीला बांधलं आणि पळ म्हणाली. मला मिळालं ते एवढंच.

तेव्हापासून जळते आहे. वाटलं, तुला ते आठवत असेल, कधीतरी लिहिशील. म्हणून मास्तरणीला तुझं पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. त्यात ते नव्हतं.

ऑगस्टात ये. खुर्च्या दोन मांडायला सांगितल्या आहेत.

तुझी ताई