तुम्ही पाठवलेल्या दोन जपानी बाटल्या

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते आधी कळवा. इकडे मी देवाच्या कृपेने आणि स्वतःच्या हाडांच्या जोरावर उभी आहे. तुमच्या बंधुराजांचं मात्र आहे तसंच. त्या तापाला चार महिने होत आले, पण जिभेला चव नाही की नाकाला वास नाही. एकतीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस ताटाकडे बघून म्हणतो, "ओला पुठ्ठा." (पुठ्ठा कधी खाल्ला होता, असं विचारलं, तर ताटच माझ्याकडे सरकवलं.) आठ किलो उतरले. आणखी दोन उतरले तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. घरखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी ह्यांचे घास मांडते. मंगळवारी सात होते, गुरुवारी चार.

अशात तुमचं पार्सल आलं. सोबत तुमच्या अक्षरातला कागद: जपानी पद्धतीचं तेरियाकी पोर्क, खारट-गोड, मेलेली जीभसुद्धा उठून बसेल. वन्सं, तुमच्या माहेरी सगळं चालायचं हे मला ठाऊक आहे, पण मी ह्या घरात आल्यापासून माझ्या ओट्यावर अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. आणि तुम्ही थेट डुकरावर आलात! (डुक्कर आमचं आम्ही आणायचं, बाटल्या तेवढ्या तुमच्या. शोभा तुमची, कष्ट आमचे; हीही जुनीच रीत.) मोठी बाटली काळ्या सॉसची, ती एक वेळ समजू शकते. पण धाकटी तांदळाच्या गोड दारूची! मॅट्रिकला मला इंग्रजीत छप्पन्न होते, लेबल वाचता येतं मला. ओतून टाकवेना, घरात ठेववेना. शेवटी फिनेलच्या डब्यामागे उभी केलीय, तोंड भिंतीकडे करून.

पण ह्यांनी तो कागद वाचला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, करून बघू या. मग काय विचारता! ह्यांच्या पायांत जिना उतरायचं बळ नाही, तेव्हा खाटकाकडे कोण गेलं? मी. भर उन्हात छत्री तोंडापुढे धरून. त्याने विचारलं, चरबीचं देऊ की बिनचरबीचं? मी म्हटलं, कुठलंही दे, पण कागद काढून वजन कर. धर्म आपल्या जागी, वजन आपल्या जागी. पातळ काप करून घेतले आणि पुडी छत्रीच्या मुठीला टांगून, हात न लावता घरी आणली.

ओटा नाही म्हणजे नाही. गॅलरीत इस्त्रीच्या टेबलावर विजेची शेगडी मांडून दिली आणि भंगारात घालायला काढलेला, दांडा फिरणारा तवा दिला (फुकट जाण्यापेक्षा बरा). आता गंमत बघा. करणाऱ्याला चव नाही आणि वास नाही; जिला दोन्ही आहेत ती तोंडाला लावणार नाही. मी दारात पाठ फिरवून उभी, नुसत्या नाकाने कारभार बघतेय. तुमच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय की काप कोरडे करून आधी परतायचे आणि सॉस, साखर, आलं शेवटी घालायचं. पण ऑफिसात ज्या माणसाने पस्तीस वर्षं न वाचता शिक्के मारले, तो आता काय वाचणार? सगळं एकदम ओतलं, अर्धी बाटली सॉससुद्धा. साखर करपल्याचा वास मला आला, ह्यांना कुठला यायला! मी ओरडले, हे दचकले, तवा उचलला, दांडा फिरला आणि सगळं जपान खालच्या शिंप्याच्या दोरीवर वाळत असलेल्या कपड्यांवर.

शिंपी वर आला तो हातात गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट घेऊनच, आणि त्या शर्टाच्या छातीवर एक काप बिल्ल्यासारखा चिकटलेला. पाच मिनिटं आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. बोलता बोलता चिकट झालेलं बोट चाटलं आणि पुन्हा एकदा चाटलं. मग म्हणाला, "काकू, करपलंय हो. पण आणखी आहे का?" होतं. निम्मं मांस मी मागे ठेवलं होतं. माणसाचा अंदाज आहे मला. त्याला स्टुलावर बसवलं. नाक माझं, हात ह्यांचे, जीभ शिंप्याची, अशी तीन माणसं मिळून एक आचारी उभा राहिला. दारूच्या जागी मी साखरेचं पाणी दिलं. शिंप्याने "थांबा, नीट बघतो" म्हणत अर्धे काप नीट बघून संपवले. (शर्टाच्या डागावर त्याने खिसा शिवून दिलाय. गिऱ्हाईक खूश, एकाला दोन खिसे झाले.)

थोडक्यात, टेबल पोळलं, गॅलरी तेलकट झाली आणि वैरी व्हायचा तो शेजारी रोजचा पाहुणा झाला. असली थेरं ह्या घरात पुन्हा होणे नाही, हे तुम्ही लिहून ठेवा. गुडघे शेकत जा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. सॉस आता दोन बोटं उरलाय. आणखी तीन बाटल्या पाठवाव्यात. मी मागितल्या, हे ह्यांना कळता कामा नये.

ता. क. दुसरा: फिनेलमागच्या धाकटीविषयी देवाला विचारून ठेवलंय. दोन दिवस झाले, अजून नकार आलेला नाही.

ता. क. तिसरा: एक लिहायचं राहिलंच. चौथ्या कापाला ह्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "खारट झालंय." वन्सं, ह्या एका वाक्यावरून मी एकतीस वर्षं भांडले. परवा मात्र पाठ फिरवून उभी होते ती वळले आणि पुन्हा म्हणायला लावलं. हे पुन्हा म्हणाले, शिंपीही हो म्हणाला. वहीत त्या दिवशीचे घास अकरा आहेत. आता खारट होती ती तुमची बाटली, माझी देखरेख नव्हे, एवढं मात्र ह्यांना तुमच्या हाताने लिहून कळवा.