बटणचं वजन

३ मार्च, रविवार

कांदा नाही. लसूण नाही. मीठ नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट — घरातच आणायचं नाही! डॉक्टरबाईंनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवला. आमच्या कुत्र्याला, बटणला, तेरावं वर्ष लागलंय. दुकानातलं कोरडं खाणं पचत नाही, मूत्रपिंडंही थकलीत, म्हणून आता सगळं घरी शिजवायचं. हाडं-कातडी काढलेली कोंबडी, मऊ भात, लाल भोपळा, अंड्यातलं पांढरं. सगळं तोलून.

“दर रविवारी घरीच वजन करा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “इथे आणलं की थरथरतो बिचारा. पण उतरायला लागलं तर लगेच सांगा. या वयात ते चांगलं लक्षण नाही.”

बटण काट्यावर एकटा टिकतो कसला! शेवटी युक्ती काढली. आधी हे एकटे उभे राहिले — ७१. मग बटणला कडेवर घेऊन — ८४.६. वजाबाकी १३.६. काल दवाखान्यातही नेमकं तेवढंच भरलं होतं.

“माझं एकदाच लिहून ठेव,” हे म्हणाले. “वीस वर्षं एकाहत्तर. लग्नातला कोट अजून बसतो मला. तुझ्या ब्लाउजांचं काय ते तू सांग!”

कॉन्व्हेंटमध्ये गणिताच्या सिस्टर म्हणायच्या, जे बदलत नाही ते पानाच्या माथ्यावर एकदाच लिहावं, पुन्हा पुन्हा मोजत बसू नये. तसं लिहिलं. हे — ७१. खाली दुहेरी रेघ, पट्टी लावून.

६ मार्च

लेकीचा फोन. मी गाजर किसत होते. “आई, मला कधी गाजर किसून दिलं होतंस गं? हातात अख्खं द्यायचीस!”

तेव्हा साडेआठची बस असायची, बाळा.

१० मार्च, रविवार

८४.१. म्हणजे बटण १३.१. एका आठवड्यात अर्धा किलो गेला! बटणला घेऊन पुन्हा उभं केलं ह्यांना. तेच. 

काय चुकतंय? भोपळा जास्त होतोय का? कोंबडी फार वेळ उकळतेय का?

१३ मार्च

समोरच्या वहिनी बटणसाठी गोड पाव घेऊन आल्या. मनुका घातलेला! मी हातातून ओढूनच घेतला. “अहो, एका मनुक्याने काय होतंय? आमचा मोती सगळं खायचा.” मोती सहाव्या वर्षी गेला.

१७ मार्च, रविवार

८३.४. बटण १२.४.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, भात नि कोंबडी थोडी थोडी वाढवून बघा, उत्साह कसा आहे? उत्साह उत्तम! ताटली अशी चाटतो की धुवायचं कारण नाही. मग खातोय ते जातंय कुठे?

“उतरलाय म्हणतेस?” हे म्हणाले. “मला तर दर आठवड्याला जडच वाटतो लेकाचा!” त्याला खाली ठेवून तिथेच बादली उपडी करून बसले. धाप लागली होती. “वय झालं तुमचं,” मी म्हटलं. “कुत्र्याचं नाही, तुमचं.”

हसले.

२१ मार्च

आज काही चुकलं नाही. तरी सकाळपासून दोनदा बटणच्या बरगड्या चाचपल्या. दाट केसांत काही समजतच नाही.

ह्यांनी आणला तेव्हा ओंजळीत मावत होता. पाहुण्यांकडचं लग्न आटोपून येताना वाटेत सापडला, थंडी होती, म्हणून कोटाच्या आत घालून आणला. तोच तो लग्नातला कोट. घरी येईपर्यंत पोराने मधलं बटण चावून तोडलं होतं! मी रागावले, तर हे म्हणाले, “कोटाचं बटण गेलं, घराला बटण आलं.” दुसरं बटण मीच लावलं. रंग जरा वेगळा आहे. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

संध्याकाळी हे खिळा-हातोडी मागत होते. कमरेच्या पट्ट्याला भोक पाडायला. “चामडं ताणलं जातं गं, जुनं झालं की.” ठोकताना बोट चेचून घेतलं. मला त्यातही वेळ द्यावा लागला, तोवर भात खाली लागला. कुत्र्याला करपलेला देता येत नाही. पुन्हा लावला.

२४ मार्च, रविवार

८२.९. बटण ११.९.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “मावशी, उद्याच दाखवा मला.” मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणते. त्या स्टीलच्या टेबलावर काय सांगतात ते मला माहीत आहे. हळू आवाजात सांगतात. खांद्यावर हात ठेवून.

आणखी एक आठवडा. कोंबडी आणखी वाढवते.

जेवताना ह्यांनी अर्धं ताट तसंच सारलं. “भूक नाही.” मी तडकले. “एकाचं करता करता माझा जीव चाललाय, तुमचीही मनधरणी करू का?” ह्यांनी ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं. नंतर वाईट वाटलं. पण सांगायचं राहिलं.

२८ मार्च

रोज सकाळी स्वयंपाकघरात जाताना आधी बघते, शेपूट हलतेय ना.

हलतेय.

३१ मार्च, रविवार

८२.१. बटण ११.१.

आता लपवण्यात अर्थ नाही. उद्या नेते. त्याचा जुना टॉवेल धुऊन पिशवीत ठेवला. हे म्हणाले, “मी येतो. तू एकटी नको.” 

आज त्याला चमच्याने भरवलं. त्याला वाटलं, नवा खेळ आहे.

१ एप्रिल

१४.२!!

दवाखान्याच्या काट्यावर. मी सगळ्यांदेखत म्हटलं, पुन्हा करा. पुन्हा केलं. १४.२! “मावशी, वाढलाय हो चांगला. खाणं जरा कमी करा, लाड पुरे.” मी हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. बटण माझी हनुवटी चाटतोय, हे बाहेरच्या बाकावर बसून काचेतून विचारताहेत, काय झालं? काय झालं?

“मग घरी असे आकडे कसे आले?” डॉक्टरबाईंनी विचारलं. मी वही काढून दाखवली. सगळं नीट, ओळीत. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं. मग बोट पुन्हा वर गेलं. दुहेरी रेघेपाशी थांबलं.

“काकांचं वजन दर रविवारी वेगळं करता ना?”

मी काचेतून बाहेर पाहिलं. ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याचं मोकळं टोक मांडीवर लोंबत होतं.

येताना रस्ताभर हे आनंदात. बटणशी गप्पा. “तुझ्या आईने तुला उगाच वाळवला रे, वहीत!” मी त्यांचा दंड धरून चालले. किती दिवसांनी धरला. बाहीच हातात आली.

२ एप्रिल

काट्यावर हे एकटे. ६७.८.

“काटा बिघडलाय,” म्हणाले. मी तांदळाची पाच किलोची न फोडलेली पिशवी ठेवली. पाच.

उद्या सकाळी नऊला डॉक्टर. माणसांचे.

“लग्नातला कोट घालू का?” विचारत होते.

नको म्हटलं.