साट्याचं स्थळ

६ ऑगस्ट, बुधवार. अमरावती
समाजशास्त्र मी मागितलंच नव्हतं. इतिहास भरला म्हणून ऑफिसातल्या बाईंनी हा विषय टाकून दिला. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. मॅडम नवीन, तासिकेवर. कायम नाहीत. पहिलाच प्रश्न, समाज म्हणजे काय? मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "समाज म्हंजे आपली जात, मॅडम. आमच्या समाजाचं मंगल कार्यालय हाय ना." सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, हा अर्थ पुस्तकात नाही, पण तुम्ही सगळे रोज हाच वापरता. उतरवून घेतलं. तास आवडला. कुणाला सांगितलं नाही.

२३ ऑगस्ट. गाव
पोळ्याला घरी आले. मंगेशदादाने बैल छान सजवले, पण तोरणाखाली स्वतः गेला नाही. गड्याच्या हातात दोर दिला आणि मागे थांबला. तिथे सगळे एकच विचारतात. "काय मंगेश, औंदा तरी?" चौतिसावं लागलं त्याला. जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, तंबाखूचा खर्रासुद्धा खात नाही. तरी मुलगी मिळत नाही. नोकरी नाही ना. मागच्या वेळचे लोक चहालाही थांबले नाहीत. आधी जेवताना इतकं हसवायचा की आई ओरडायची. आता ताट घेऊन मागच्या दारी बसतो. त्याच्यासमोर माझ्या कॉलेजचा विषय निघत नाही. सगळ्या घराचाच आवाज कमी झालाय.

११ सप्टेंबर, गुरुवार
विवाहाचे प्रकार. एकविवाह, बहुविवाह, मग विनिमय विवाह. आपल्याकडे साटंलोटं म्हणतात ते. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात. मॅडमने सांगितलं, "लिहा, यामुळे दोन्ही कुटुंबांची सोय होते." दोन मार्कांना येतं. मी विचारलं, अजून होतात का असली लग्नं? फार कमी, म्हणाल्या. शेजारी बसलेली हळूच म्हणाली, "आमच्या गावात औंदाच झाले."

२८ सप्टेंबर, रविवार
आईचा फोन. किती दिवसांनी आवाज मोकळा होता तिचा. अकोल्याच्या मावसाजींनी दादासाठी स्थळ आणलंय, पातूरचं. मुलगी बारावी झालेली, घर शेतीचंच. दसरा झाला की मावशीच्या घरी अकोल्याला बघायचं. "तूही येजो. तो निळा ड्रेस आणजो." मी म्हटलं, मुलगी दादासाठी बघायची, मला निळा ड्रेस कशाला? आई म्हणाली, दारात कोणी आलं, ठेवते.
कोणी आलं नव्हतं. मला कळतं तिच्या आवाजावरून.

४ ऑक्टोबर. अकोला
मावशीच्या देवघरात बसून लिहितेय. बाकी सगळीकडे माणसं.
पातूरची मंडळी आली. मुलगी प्रतीक्षा, माझ्याएवढीच. तिने सगळ्यांना पाणी दिलं. दादाने ग्लास घेतला आणि प्यायचंच विसरला. मग मावसाजी म्हणाले, "वैशू, चहा तू आण." ट्रे हातात घेतला तेव्हा कळलं. प्रतीक्षाचा भाऊ माझ्याकडे बघत होता. तिची आई माझ्या पायांकडे. शिक्षणाचं विचारलं. "सोडून देईन ना मंग?" हे मला नाही विचारलं, बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "पाहू."
मुलीला मुलगी. नुसती देणारच नव्हते ते लोक. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. दादाला होतं का, माहीत नाही.

नंतर दोघींना गच्चीवर पाठवलं, ओळख करून घ्या म्हणून. प्र.ने आधी जिन्याचं दार लोटलं. मग एकदम विचारलं,
"तुमचे दादा मारत नाई ना?"
"नाही. कधीच नाही."
"मंग मी व्हय म्हनते."
इतक्या पटकन म्हणाली की मला भीती वाटली. मी विचारलं, आणि तुझा भाऊ?
तिने ओढणी सारखी केली. बाही सरकली तेव्हा दंडावर काळंनिळं दिसलं, पिवळं पडत चाललेलं. तिने पाहिलं की मी पाहिलं.
"मले नका विचारू. मले त्या घरातून निंघाचं हाय."
खालून हाका यायला लागल्या. जिन्यात म्हणाली, "तुमी नाई म्हनसान त माहं बी राहून जाते."

६ ऑक्टोबर. गाव
आईला सगळं सांगितलं. दंडाचंही. ती मेथी निवडत होती.
"बहिणीले मारते म्हणून बायकोलेही मारीन, असं कोठं हाय?"
मग म्हणाली, "थोडंफार कोणत्या घरात नसते."
बाबांनी मारलं तुला?
तिने दुसरी जुडी सोडली. "पह्यल्या वर्षी." बाबा ओसरीतच होते. ऐकलं असणार. खाकरलेसुद्धा नाहीत.
दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. दोन्ही लग्नं एकाच मांडवात. तेवढाच खर्च वाचतो, म्हणे.

८ ऑक्टोबर
दादा सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री घालत होता. तिथे गाठलं. दंडाचं सांगितलं. पाठ माझ्याकडेच ठेवून ऐकलं त्याने.
"तुह्या बदल्यात हाय, हे मले अकोल्यालेच समजलं."
मग तिथेच का नाही बोललास?
किती तरी वेळ दोरीची गाठ मारत राहिला.
"मले वाटलं, तू बोलशीन."
थोड्या वेळाने म्हणाला, "तिनं पाणी देल्लं ना वैशू, तवा मले वाटलं का आपल्यालेही कोणीतरी..."
राग यायला पाहिजे त्याचा. येत नाही. येत नाही याचाच राग येतो.

१४ ऑक्टोबर. अमरावती
तास झाल्यावर मॅडमना गाठलं. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नाही, जिन्यात उभ्यानेच बोललो. मन लावून ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, "नाही म्हण. सज्ञान आहेस. कोणी जबरदस्ती केली तर मला फोन कर, मी येते." खरंच येतील, असं वाटलं.
मी विचारलं, आणि ती मुलगी? मी नाही म्हटलं की ती तिथेच राहते.
मॅडम कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "दोन्ही कुटुंबांची सोय होते, असं लिहून दिलं ना मी? खोड ते."
परीक्षेत काय लिहू?
"परीक्षेत तेच लिही."

२५ ऑक्टोबर. गाव
मावसाजी आले, साक्षगंधाचा दिवस ठरवायला. सगळे बसले होते. मी उभी राहून म्हटलं, मला हे लग्न करायचं नाही. दादासाठी प्रतीक्षाला मागा. माझ्याशिवाय मागा.
मावसाजी आधी हसले. "असं एकतर्फी कोन देते, बाई?" मग हसू गेलं. "कॉलेजात घातलं का हे असं होते." हे बाबांना उद्देशून.
आई रडली नाही. उठली आणि फराळाचे रिकामे डबे घासायला घेतले.
बाबा म्हणाले, "जबरदस्ती नाई तुह्यावर. पन त्याच्या तोंडाकडे आता तूच पाहजो."
दादा तिथेच होता. मावसाजी निघाले तेव्हा फाटकापर्यंत सोडायला गेला.
वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल.

२६ ऑक्टोबर
नांदगाव खंडेश्वरपर्यंत दादाने गाडीवर आणून सोडलं. एसटी लागायला वेळ होता. वाटाण्याचे दाणे घेऊन दिले, लहानपणी द्यायचा तसे. मी म्हटलं, दादा, काहीतरी बोल ना. म्हणाला, "तू बरोबर केलं." माझ्याकडे न बघता. खिडकीतून पाहिलं तर गाडीवर बसूनच होता, चालू न करता.

३ नोव्हेंबर
प्र.चा नंबर अकोल्याला घेतला होता, माझा दिला होता. मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी नुसतं "माफ कर" पाठवलं. एकच टिक. दिवसभर एकच.
आईला फोन केला की बाबांकडे देते. बाबा आईकडे. दादा शेतात असतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
समाजशास्त्राचा पेपर झाला. बरा गेला. बाहेर आले तर अनोळखी नंबर. प्र. होती. शेजारच्या काकूंच्या फोनवरून, दबक्या आवाजात.
मी माफी मागायला लागले. तिने थांबवलं. "राहू द्या. दुसरं जमून राहिलं. मुर्तिजापूरकडचं हाय."
मी विचारलं, साटंच?
"व्हय. त्या पोराची बहीण हाय, माह्या भावासाठी. अकोल्याले कॉलेजात हाय. तिले अजून कोणी सांगतलं नाई."
तो मुलगा कसा आहे? तू विचारलंस, मारतो का?
"मले कोणी विचारू देल्लं नाई या खेपेले."
बोलता बोलता त्या मुलीचं नाव आणि कॉलेज तिच्या तोंडून गेलं. मग तिच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "ताई, तिले काही सांगू नका. हे मोडलं त मी तेथंच मरते." फोन ठेवला.

माझी दहावीपर्यंतची मैत्रीण त्याच कॉलेजात आहे. तिला फोन केला तर संध्याकाळच्या आत निरोप पोचेल. त्या मुलीला कळायला पाहिजे. मला जसं ट्रे हातात आल्यावर कळलं, तसं नाही, आधी.
आणि प्र.?
मैत्रिणीला फोन लावला. उचलला तिने. पेपर कसा गेला, विचारलं. तिने सांगितलं. मग तिने मला विचारलं. मी सांगितलं. "आणखी काय?" म्हणाली.
उद्या करते परत, म्हटलं.