चौदा बटणं आणि ग्योनाबाईंचा आवाज

६ जानेवारी
बेटाच्या संग्रहालयात, म्हाताऱ्या माणसांच्या आवाजांच्या फाइलींत यंदा शिस्त. फाइल मॅनेजरची वरची पट्टी मी स्वतः रचली. चौदा बटणं. नावं काढून नुसती चित्रं ठेवली. नावांनी पट्टी बावळट दिसते. वीबके (इथं आम्ही दोघंच) म्हणाली, "नान्निंग, उद्या तू सर्दीनं आडवा झालास तर मी काय दाबू?" मी सर्दीनं आडवा होत नाही.

९ जानेवारी
सर्दी.

१४ जानेवारी
प्रोग्राम दर वेळी 'नक्की पुसू का?' विचारतो. ती चौकट बंद केली. माझ्यावर विश्वास नसलेला प्रोग्राम मला नको.

२० जानेवारी
झाडूचं बटण तयार: एकाच नावाच्या फाइली शोधायच्या, सर्वांत नवी ठेवायची, बाकी कायमच्या साफ. शेजारी आरशाचं: जादा डिस्क मुख्य डिस्कसारखी हुबेहूब करायची. आधी झाडू, मग आरसा.

२१ जानेवारी, दु. १२
दोन्ही दाबली. डिस्कवर केवढी जागा! वीबके विचारते, एवढी जागा आली कुठून? मत्सर.

८ फेब्रुवारी
ग्योना रिकमर्स गेल्या. चौऱ्याण्णव. हिवाळा घालवायला दर एकवीस फेब्रुवारीला किनाऱ्यावर मोठी आग पेटते, तेव्हाचं फ्रीझियनमधलं, म्हणजे बेटाच्या जुन्या भाषेतलं भाषण तीस वर्षं त्यांचंच. मुलगी काइके येऊन म्हणाली, "या वर्षी आईचाच आवाज लावू. आहे ना तुमच्याकडे?" म्हटलं, दोन क्लिक.

१९ फेब्रुवारी
'ग्योना' फोल्डर रिकामा. बाकीच्या एकोणनव्वदांतले अठ्ठ्याऐंशीही. प्रत्येक कॅसेटच्या दोन फाइली 'बाजू अ' आणि 'बाजू ब' याच नावांनी ठेवलेल्या. वीबके ओरडली, "अरे बाबा, कॅसेटवर छापलेलं असतं ते! माणसांची नावं नव्हती का सुचत?" ही नावं कोणी दिली, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. दमट कॅसेटी गेल्या वर्षी फेकल्या. जादा डिस्क पाहिली. आरसा उत्तम चालतो.
एकूण दोन फाइली उरल्या. दोन्हींत कोणीतरी खोकत मासळीच्या जाळ्यांविषयी बोलतं.

२० फेब्रुवारी
काइकेला उद्या सकाळी सांगायचं.

२१ फेब्रुवारी, सायं. ५
आधी जेवून घेतो.

२२ फेब्रुवारी
काइके स्पीकर घेऊन आली होती. आगीपाशीच सांगितलं. तिनं स्पीकरची वायर गुंडाळली. भाषणाच्या वेळी सगळं गाव वाऱ्यात उभं राहिलं, कोणीही पुढं आलं नाही. मग काइकेनं हळूच विचारलं, "तुझ्या त्या पट्टीवर परत आणायचं बटण आहे का रे?"
आज पाहिलं. नाही.
पट्टीवर जागा मात्र आहे. एक बसेल.