तेरावा वाटा

११ मे, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. थोर माणसांच्या रोजनिश्या पुढे लोकांना लागतात. ही कुणी वाचणार नाही, तरी अक्षर सुवाच्य ठेवतो आहे.
कारण मैना. आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. तिची सून नम्रता, सहावा महिना. अंगात रक्त ८.४. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुलैअखेर दहाच्या वर गेलं नाही तर बाळंतपण इथे रत्नागिरीत नाही, कोल्हापूरला. म्हणजे भर पावसात आंबा घाट. मैनेचा मुलगा संदेश मुंबईला. मैना हे लादी पुसता पुसता सांगत होती. मी पाय वर घेऊन ऐकलं आणि तिथेच योजना सुचली.
नाव : हिरवा हिस्सा. कॉलनीतल्या आम्ही बारा जणांनी हंगामाआधीच शेतकऱ्याला पैसे द्यायचे. मैनेच्या चाळीतल्या बारा खोल्यांना दर शनिवारी ताजी भाजी, फळं. पिकलं तर सगळ्यांचं, बुडालं तरी सगळ्यांचं. परदेशात सर्रास चालतं. व्हिडिओ पाहिला. पूर्ण, जाहिरातींसकट.
सुमेधा म्हणाली, आधी परसातल्या अळवाला पाणी घाल. बायको शिक्षिका असली की घरात उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळत नाही.

१५ मे.
देवरूखच्या पुढे, आमचे शेतकरी आप्पा यांच्याकडे. वय सत्तर, जमीन उतारावर, स्वभाव सपाट. वेळापत्रक दाखवलं : पहिली पिशवी ७ जून. आप्पांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, बी जूनमदी पेरायचा नि भाजी पन जूनमदीच काढायची? येवडी घाई आमच्या कोंबडीला पन नाय. भेंडी, पडवळ, दोडकी सगळी श्रावनात. मी म्हटलं, आप्पा, नियोजन केलं की सगळं होतं. ते म्हणाले, बरा. ग्रामीण भागात होकार असा मोजकाच असतो.

२० मे. संध्याकाळी.
चाळीत सभा. दहा मिनिटं बोलणार होतो, पन्नास बोललो. लोहाचं महत्त्व, जीवनसत्त्वं, इत्यादी. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या बायकांकडचे भाजीचे शिळे वाटे घेऊ नका, म्हणून सांगितलं. ७ जूनला आपली भाजी येते आहे. मैनेने विचारलं, पाऊस पडला की सड्यावरचा टाकळा-कुर्डू आनतो आमी, तो पन नको? ठाम सांगितलं, नको. कातळावर, रानात कुठेही उगवलेली पालेभाजी, शास्त्रीय नाही. नम्रता मान डोलावत होती. गुणी मुलगी. मागे कुणीतरी पुटपुटलं, भाऊ बोलतायत म्हंजे आजचा रांधाप गेलाच. स्वयंपाक रखडल्याची तक्रार असावी, दुर्लक्ष केलं.
बारा कार्डं लॅमिनेट करून वाटली. शिक्काही केला : 'थेट शेतातून'.

७ जून, शनिवार.
शुभारंभ. आप्पांनी टेम्पो पाठवला. आत बारा फणस. फोन केला, आप्पा, भाजी? ते म्हणाले, झाडावर हाय ता दिला. तुमीच तारीक दिलीत.
प्रत्येक फणसावर शिक्का मारायचा प्रयत्न. काट्यांवर उमटत नाही. वाटप उत्साहात. फक्त रत्नागिरीत जून महिन्यात घरोघरी फणस असतोच, ही बाब व्हिडिओत नव्हती. पावसाने सगळे पाणचट झालेले. संध्याकाळपर्यंत चाळीतून वानवळा म्हणून तीन फणस आमच्या पायरीवर आले. त्यातल्या एकावर अर्धवट शिक्का.
सुमेधा म्हणाली, प्रतिसाद चांगला आहे.

१४ जून.
पिशवी नाही. पाऊस. आम्हा बारा दात्यांच्या ग्रुपवर कळवलं : 'तांत्रिक विराम'. दोन दात्यांनी ग्रुप सोडला. रेंज नसेल.

२१ जून.
आप्पांचा फोन. भेंडीची रोपं वीतभर झाली होती, वानरांनी उपटली. खाल्ली तरी का, विचारलं. म्हणाले, नाय, निसती उपटून बघितलीनी. मी माझा जुना ऑफिसचा सफारी बुजगावण्यासाठी एसटीने पाठवला.
ता. क. : संध्याकाळी पुन्हा फोन. मोठा हुप्प्या सफारीच्या खांद्यावर बसून काकडीचे कोंब खात होता. काकडी वाढते आहे, हे या निमित्ताने कळलं.

२८ जून.
नम्रताचा रिपोर्ट. ८.१.
वाढायचं तर कमी. मी म्हटलं, मशीनमध्ये फरक पडतो. मैना हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, भाऊ, मशीन तीच हाय. आमी दर दोन दिसांनी येक वाटा घ्यायचो, मुळ्याचा, माठाचा, कसला मिळंल तो. तुमी घेऊ नका म्हनलात. सड्यावर टाकळा गुडघाभर आलाय, पोर रोज इचारते, आये, जाऊ? मी म्हनते, थांब, भाऊंची भाजी येनार हाय. म्हैनाभर निसता भात नि कुळथाची पिठी खाल्लीन तिनं. तुमच्या शब्दावर.
मग भांडं उचलून घासायला लागली. नेहमीपेक्षा जोरात.
पेन नीट चालत नाही. पुढचं उद्या.

२९ जून.
पेन ठीक होतं.
तातडीचा उपाय. सकाळी मंडईतून मेथीच्या बारा जुड्या घेतल्या, पिशव्यांत घातल्या, वर शिक्का मारला. हे खोटं नव्हे. कुठल्या तरी शेतातून आलीच होती. मैनेने जुडी उलटसुलट बघितली. म्हणाली, कोल्हापूरची दिसते. सूनबाय घाट चढायच्या आधी तिची भाजीच घाट उतरून आली. आणि भाऊ, आतनं सडलीये.
कोल्हापूरच्या विषयावर मैना हल्ली विनोद करते. डोळे मात्र विनोदाचे नव्हते.

५ जुलै.
मैना दोन दिवस उशिरा येते आहे. पहाटेच चाळीतल्या बायका इरली, प्लास्टिकं डोक्यावर घेऊन सड्यावर जातात. आठवण करून दिली की सभेत काय ठरलं होतं. म्हणाली, तुमचा शास्तर तुमच्यापाशी ऱ्हाऊंदे, आमचा टाकळा आमच्यापाशी.
कार्यकर्ता एकटाच असतो.

१२ जुलै.
एक समाधान. सुमेधा हल्ली दिवसाआड पालेभाजी करते. लसूण, ओलं खोबरं, मस्त. कसली म्हणून विचारलं तर म्हणाली, खा मुकाट्याने. चळवळ निदान स्वतःच्या घरात पोचली.
ग्रुपवर आता मी धरून चार जण.

३० जुलै.
नम्रता : १०.२!
बाळंतपण रत्नागिरीतच. मैनेने देवाला नारळ वाढवला, मला खोबरं दिलं. लगेच ग्रुपवर अहवाल टाकला : 'हिरवा हिस्साचं दृश्य फलित'. उरलेल्या तिघांपैकी एकाने अंगठा दाखवला.
सुमेधाने विचारलं, नक्की कशाचं फलित? पोचलं काय होतं? मी म्हटलं, जाणीव. ती म्हणाली, फणस.
डॉक्टरीणबाई म्हणे म्हणाल्या, गोळ्या वेळेवर घेतल्यास आणि पालेभाजी पोटभर खाल्लीस, असंच चालू ठेव. योजनेचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार.
अखेर श्रावणातलं पीक. आप्पांनी एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी दिली. पडवळ एक, भेंड्या आठ. सोबत माझा सफारी, धुऊन, घडी घालून. एक बाही नाही.
आठ भेंड्या, बारा खोल्या. भागाकार दोनदा करून पाहिला. सुमेधाने कढी केली, त्यात घातल्या.

२१ ऑगस्ट.
नम्रताला मुलगी. इथेच. अडीच किलो, दोघी ठीक. संदेश मुंबईहून येऊन पोचायच्या आत झाली.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी.
मैना टोप घेऊन आली, वर केळीचं पान. भारंगीच्या फुलांची भाजी. म्हटलं, अगं, आज काय विशेष? ती म्हणाली, विशेष काय नाय, तुमचा वाटा.
कसला वाटा?
तेव्हा कळलं. सड्यावरून आणलेल्या भाजीचे जुलैपासून चाळीत तेरा वाटे पडतात. बारा खोल्यांचे बारा, तेरावा आमचा. मैना मागच्या दाराने सुमेधाकडे देत होती. मी जेवत होतो. आज सुमेधा शाळेच्या कार्यक्रमाला गेली म्हणून पुढच्या दाराने आली, इतकंच.
विचारलं, आम्हाला का? मैनेला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, तुमचं यंदा भाजीचं काय जमलं नाय ना, भाऊ. वेळ काय कुनावर बी येते.
टोप आत नेऊन ठेवला.

दुपारी २.
जेवलो. भाजी किंचित कडसर, चांगली. टोप घासला. सुमेधा फोनवर म्हणाली, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, काहीतरी घाल. घर धुंडाळलं. लॅमिनेट करून उरलेली कार्डं होती, शिक्का होता. शेवटी टोपात अर्धी वाटी साखर घातली आणि पावसाची उघडीप बघून स्वतः चाळीत नेऊन दिली. बाळ झोपलं होतं. नम्रता म्हणाली, भाऊ, बसा, भात झालाय.
नोंद : हिरवा हिस्सा. वेळेवर पोचलेली पहिली पिशवी. साखर, अर्धी वाटी.