खाकी कव्हरचं पुस्तक

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवायचीही सोय उरली नाही, तरी आज मी रागावले आहे. शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायची ती सवय तुमचीच. ज्या गोष्टीत कुणी मरतं, कुणाचे आईवडील वेगळे होतात, ती पुस्तकं तुम्ही वेगळ्या कपाटात ठेवायचात आणि नाव वाचून कुणी चिडवू नये म्हणून त्यांना कव्हर घालायचात. हेतू चांगलाच होता. पण पोरं काय दुधखुळी असतात? खाकी पुस्तक ज्याच्या दप्तरात जाईल त्याच्या घरी काहीतरी वाईट होणार, हे आम्हाला चौथीतच पाठ झालं होतं.

ते माझ्या बाकावर आलं तेव्हा मला धडकीच भरली. आई तपासणीसाठी दवाखान्यात आहे, एवढंच घरच्यांनी सांगितलेलं. तुम्ही शेजारी येऊन बसलात, म्हणालात, "वाच वं पोरी, मग आपण बोलू." खारीच्या पिल्लाची गोष्ट होती, त्याची आई परत येत नाही. मी ढसाढसा रडले, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी येऊन बाबांशी भांडलात. "तिले मायले भेटू द्या. नाहीतर जन्मभर तुम्हाले विचारत राहील, काहून नेलं नाही म्हणून." बाबा हो म्हणेपर्यंत तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत. तुमच्यामुळे मला आईजवळ अर्धा तास बसता आलं. तिनं पडल्यापडल्या माझी वेणी घातली, वाकडीतिकडी.

आता बेसा भागातल्या एका शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते. तिसरीत एक मुलगी आहे. तिची आई फार आजारी आहे, आणि तिला काही कळू देऊ नका, असं वडिलांनी शाळेत बजावलंय. ते बुटीबोरीला कारखान्यात असतात. आज मी तिच्यासमोर एक पुस्तक ठेवलं. तुमच्याकडून इतकं शिकून मी उचललं काय, तर कव्हर. तिनं ते उघडलंसुद्धा नाही.

"मॅडम, याच्यातली आई मरते ना?"

मी पुस्तक परत माझ्याकडे ओढून घेतलं.

"मले माहीत आहे. पण बाबाले सांगू नका. त्याईले वाटते मले काहीच माहीत नाही, म्हणून ते घरी हसून राहिले."

शाळा सुटल्यावर वडील फाटकाशी भेटले. पोरगी स्कूटरवर बसून आमच्याकडेच बघत होती. त्यांनी हळूच विचारलं, "पोरीले काही समजलं तर नाही ना? उद्या सकाळीच तिले मौद्याले आत्याकडे सोडून येतो. डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणते." एक वाक्य बोलायचं होतं, बाई. मी म्हणाले, "नाही, काही समजलं नाही."

तुम्ही असतात तरी हे पत्र पाठवायची माझी छाती झाली नसती. त्या मुलीच्या वडिलांचा नंबर शाळेतून लिहून आणलाय, तो समोर आहे. अजून लावलेला नाही.